स्प्रिंगला हात लावण्याआधी

बाळा, तुझी जुनी वॅगनआर खड्ड्यातून जाताना पुढून धडधडते, गॅरेजवाल्याने ‘दोन्ही स्ट्रट गेले’ म्हणून सांगितलं आणि खर्चाचा आकडा ऐकून तुझे डोळे पांढरे झाले, असं तू फोनवर म्हणालास. घरच्या पोर्चमध्ये ते काम करता येईल का, हा तुझा प्रश्न मला आवडला. येईल. माझा जन्म गेला म्हैसूरजवळच्या हुटगळ्ळीच्या ॲक्सलच्या कारखान्यात. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत १९८१ साली स्थापन केलेल्या त्या कंपनीमुळेच आपलं घर म्हैसूरचं झालं. चाकांच्या आसपासचं जे हाताला कळलं, ते तुला सांगतो.

आधी एक सूत्र पाठ कर. पैसा मजुरीत वाचवायचा, भागांत वाचवायचा नाही. आणि स्प्रिंग दाबायचं काम घरी करायचं नाही. बाकी सगळं यातूनच येतं.

स्ट्रट करतो काय?

खड्ड्याचा दणका स्प्रिंग घेते. दणका घेतल्यावर ती वर-खाली नाचत राहते. हा नाच थांबवतो तो शॉकॉप्सर. त्याच्या नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा पिस्टन असतो. तेल त्या भोकांतून रेटलं जाताना स्प्रिंगची हालचाल मुरते. स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकॉप्सर एकत्र असतात. शिवाय तो चाकाला वरून धरून ठेवतो आणि स्टेअरिंग फिरवलं की चाकाबरोबर स्वतःही वळतो. म्हणून स्ट्रट गेला की नुसती गाडी उडत नाही. वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर टायरची रस्त्यावरची पकडही कमी होते.

ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्डच्या कन्सल आणि झेफिर गाड्यांत ती आली. आपल्याकडे त्या काळच्या फियाटला, म्हणजे नंतरच्या पद्मिनीला, पुढच्या चाकांना दोन-दोन आर्म असायचे. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली आणि स्ट्रट आपल्या घरोघरी पोचला. तुझ्या गाडीत तो फक्त पुढे आहे. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकॉप्सर वेगळा. ते काम याहून खूप सोपं.

आधी आजार ओळख, मग औषध

खरी बचत इथेच होते. ‘धड’ आवाज आला की स्ट्रट गेला, असं धरून चालू नकोस. तोच आवाज अनेक ठिकाणांहून येऊ शकतो आणि त्यातले बहुतेक भाग स्ट्रटहून पुष्कळ स्वस्त आहेत.

बारीक खडीवरून हळू जाताना ‘कट-कट’ वाजत असेल तर लिंक रॉड, म्हणजे स्ट्रटला आडव्या रॉडशी जोडणारा दांडा, बघ. गाडीला असेल तर तो हाताने घट्ट धरून हलव. बॉल सैल असेल तर बोटांना कळतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून उसळत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग संशयित. बोनेट उघड, कोणाला तरी स्टेअरिंग फिरवायला सांग आणि माउंटिंगवर तळहात ठेव. झटका थेट हाताला लागेल. चाक उचलल्यावर वरून आणि खालून धरून हलवलंस आणि खेळ आला, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग तपास. दोन बाजूंनी धरून खेळ आला तर टायरॉड एंड. लोअर आर्मचे रबरी बुश फाटले असतील तर ब्रेक दाबताच ‘धप’ होतं.

आता खुद्द स्ट्रट. टॉर्च घेऊन चाकाच्या आत बघ. नळीवर नुसती तेलकट धूळ असेल तर घाबरू नकोस, थोडा ओलावा येतोच. पण तेलाचा ओघळ उतरला असेल, त्याला तांबडी माती चिकटून लगदा झाला असेल, तर सील गेलं. टायरवर तळहात गोल फिरव. रबर लाटांसारखं उंचसखल लागलं तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं हे नक्की. ब्रेक दाबला की नाक खूप खाली जातं का, हंप ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते का, तेही बघ. मडगार्ड दाबून सोडायची जुनी परीक्षा कर, पण तिच्यावरच विसंबू नकोस. गाडी डोलली तर स्ट्रट खराब हे खरं. न डोलल्याने तो चांगला ठरत नाही.

स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही बघ. बशीत पाणी-माती साचून तो तिथेच गंजतो आणि तुटतो. तुटला नसेल आणि गाडी एका बाजूला बसली नसेल, तर जुनीच स्प्रिंग वापर. तेवढे पैसे वाचले.

खरेदी

स्ट्रट नेहमी जोडीने बदलायचा. एक नवा आणि एक थकलेला ठेवलास तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. पैसे कमी असतील तर महिनाभर थांब, हळू चालव, पण जोडीनेच घे.

नव्या स्ट्रटबरोबर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचा बूट नवा घे. स्ट्रटच्या मानाने ही किरकोळ किंमत आहे. पण जुना फाटका बूट तसाच ठेवलास तर म्हैसूरची तांबडी माती चकचकीत दांड्यावर बसते, दर हेलकाव्याला सीलवर घासते आणि नवा स्ट्रट लवकर गळायला लागतो. नकलचे, म्हणजे स्ट्रटखाली चाक धरणाऱ्या भागाचे, दोन नट-बोल्ट आणि वरचे नटही नवे घे. लॉकचे नट एकदा उघडले की त्यांची पकड कमी होते.

दुकानात जाताना आरसी बुकाचा फोटो ने. मॉडेल एकच असलं तरी वर्षागणिक भाग बदलतो. चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून घे. डावा आणि उजवा स्ट्रट वेगळा असतो. डावं-उजवं गाडीत बसून, तोंड पुढे करून ठरवायचं. बोनेटसमोर उभं राहून ठरवलंस तर उलट होईल. दुकानातच दोन्ही खोकी उघड आणि नकलचा पट्टा, ब्रेकच्या नळीचं कडं, लिंक रॉडचं भोक जुन्याशी ताडून बघ. त्यासाठी जुन्याचे फोटो आधीच काढून ठेव.

कंपनीचाच भाग घ्यायला हवा असं नाही. गाडी कंपन्यांना शॉकॉप्सर पुरवणारे बाजारातही स्वतःच्या नावाने विकतात आणि ते स्वस्त पडतात. मुंबईत मुलुंडला १९६१ साली सुरू झालेली गॅब्रिएल ही त्यांतलीच. पुढे चाकण, नाशिक, होसूरलाही तिचे कारखाने झाले. म्हैसूरला मिळालं नाही तर बेंगळुरूच्या जे. सी. रोडला चौकशी कर, पण पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डाशिवाय पैसे देऊ नकोस.

‘रीकंडिशन’ केलेला स्ट्रट मात्र फुकट दिला तरी नको. जुन्या नळीला भोक पाडून तेल भरतात, वेल्ड मारतात, वर काळा रंग देतात. आतला पिस्टन आणि वॉल्व्ह झिजलेलेच राहतात. भंगारातल्या गाडीचा स्ट्रटही नको. त्याने किती खड्डे खाल्ले ते तुला कळणार नाही.

हत्यारं

सगळी हत्यारं विकत घेतलीस तर बचत तिथेच संपली. गोटी पान्यांचा चांगला सेट, लांब दांडा, ॲलन की, वायर ब्रश, हातोडी, गंज सोडवणारं तेल, दोन जॅक स्टँड आणि एक ट्रॉली जॅक एवढं लागतं. टॉर्क पाना ओळखीच्या गॅरेजातून दिवसभरासाठी माग. जॅक स्टँड मात्र स्वतःचेच घे, आणि त्यावर किती टन भार चालतो ते वाचून घे. ते पुढची अनेक वर्षं उपयोगी पडतील.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांच्या आट्या वायर ब्रशने घास आणि तेल मार. मुरू दे रात्रभर. ब्रेकच्या डिस्कवर ते उडू देऊ नकोस, डिस्कला फडकं बांध. सकाळी जो बोल्ट सहज सुटतो तोच, तेल न मारता, दुपारपर्यंत घाम काढतो.

गाडी उचलताना

हे नीट ऐक. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. विटा रचू नकोस, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत. भार आला की ते क्षणात फुटतात.

आपल्या पोर्चच्या गुळगुळीत फरशीवर जॅक सरकतो. कोरड्या, सपाट काँक्रीटवर गाडी लाव. हँडब्रेक ओढ, पहिल्या गिअरमध्ये टाक, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. मग मॅन्युअलात दाखवलेल्या जागीच जॅक लाव आणि पुढच्या दोन्ही बाजू उचलून दोन स्टँडवर ठेव. एकच बाजू उचललीस तर आडवा रॉड पिळतो आणि लिंक रॉड सुटता सुटत नाही. स्टँडवर भार आल्यावर मडगार्डला धरून गाडी जोरात हलवून बघ. हललीच तर आत्ता हलू दे. काढलेलं चाक आडवं करून दाराच्या कडेखाली सारून ठेव. काही चुकलंच तर गाडी त्यावर टेकेल.

उतरवताना

एका वेळी एकच बाजू खोल. गोंधळ झाला तर दुसरी बाजू बघून ताळा जमवता येतो.

स्ट्रट आणि नकल जिथे जुळतात तिथे खिळ्याने ओरखडा काढ, बोल्टांच्या डोक्याभोवती रंगाची रेघ मार. त्या भोकांत थोडी फट असते आणि चाकाचा तिरकेपणा तिथेच ठरतो. ओरखडे नव्या स्ट्रटवर जसेच्या तसे उतरत नाहीत, पण नकल कुठे बसला होता याचा अंदाज देतात.

ब्रेकची नळी आणि असेल तर एबीएसची तार स्ट्रटच्या कड्यातून मोकळी कर. लिंक रॉडचा नट सोडताना आतला दांडा सोबत फिरतो. त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की धरून बाहेरून पाना चालव. मग लोअर आर्मखाली जॅकचा नुसता टेकू दे.

नकलचे दोन मोठे बोल्ट सोडताना डोकं धरून ठेव आणि नट फिरव. काही बोल्टांच्या मानेला दाते असतात. डोकं फिरवलंस तर भोक खराब होतं. नट आटीच्या टोकापर्यंत आणून त्यावर हातोडीने ठोकलं की बोल्ट मागे सरतो आणि आटीही वाचते. बोल्ट निघाला की नकल बाहेर झुकू पाहील. तो दोरीने वर बांध. ब्रेकच्या नळीवर त्याचा भार नको आणि चाकाची शाफ्टही ओढली जायला नको. ओढली गेली तर आतला जॉइंट निसटतो आणि नवीनच काम उभं राहतं.

आता बोनेटखाली बघ. बहुतेक गाड्यांत वर दोन-तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट असतो. छोटे सोडायचे. मोठ्या नटाला हात लावायचा नाही. स्प्रिंग त्याच्या जोरावरच दबून बसलेली असते. तो सुटला की ती सगळ्या ताकदीनिशी बाहेर येते आणि समोरचा हात, जबडा काहीही पाहत नाही. काही मॉडेलांत वरची रचना वेगळी असते आणि मधलाच नट शरीराला जोडलेला असतो. तुझ्या गाडीत कोणता नट कशाचा आहे ते मॅन्युअलात बघितल्याशिवाय पाना उचलू नकोस. शेवटचा नट काढताना स्ट्रट खालून कोणाला तरी धरायला सांग; तो जड असतो.

स्प्रिंग यंत्रावरच

दोन्ही बाजूंचे स्ट्रट उतरवून झाले की रिक्षात घाल आणि गॅरेजात ने. तिथे भिंतीला किंवा स्टँडला पक्कं बसवलेलं स्प्रिंग दाबायचं यंत्र असतं. फक्त स्प्रिंग काढून नव्यावर चढवायची मजुरी पूर्ण कामाच्या मजुरीपेक्षा खूप कमी पडते. पण गाडी खोलण्याच्या आदल्या दिवशीच जाऊन दर ठरवून ये. स्टँडवर उभी गाडी सोडून घासाघीस करायला बळ राहत नाही. मोडक्यातोडक्या कन्नडात बोललास तरी इथले कारागीर मन लावून काम करतात आणि शेजारी उभं राहून बघूही देतात.

बाजारात आकड्यांचे दोन स्वस्त दांडे मिळतात, त्यांनीही स्प्रिंग दाबता येते. ते घेऊ नकोस. आकडा वेढ्यावरून घसरला तर माणूस कायमचा अधू होतो. एवढ्या एका कामात तुझी बचत मला नको आहे.

तिथे उभा राहून चार गोष्टी बघ. नवा स्ट्रट खोक्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे तेलात हवा शिरते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायला सांग. सुरुवातीचा पोकळ झटका जाऊन दांडा एकसारखा सरकायला हवा. दुसरं, दांडा पक्कडीने धरू देऊ नकोस. त्यावर केसाएवढा ओरखडा पडला तरी सील फाटतं. तिसरं, स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला नीट टेकलेलं हवं, वरचं टोकही त्याच्या खाचेत. चौथं, जुन्या स्ट्रटवर बेअरिंग, बशी, बूट कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो सुटण्याआधी काढ.

बसवताना

आधी वरचे नट हाताने लाव, मग खालचे बोल्ट. सगळे बसल्याशिवाय एकही पूर्ण कसू नकोस. नकल जुन्या जागी आणून बोल्ट टॉर्क पान्याने कस; आकडा मॅन्युअलातलाच घे. लिंक रॉड लाव. ब्रेकची नळी कड्यात बसली का, तिला पीळ पडला नाही ना, ते स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघ. वळल्यावर नळी टायरला किंवा स्प्रिंगला लागत असेल तर ती बाहेर घासून फुटेल, आणि ती ब्रेकची नळी आहे.

लोअर आर्मचा बोल्ट काही कारणाने सैल केला असशील तर तो गाडी चाकांवर उतरल्यावरच कस. हवेत लटकलेल्या आर्मवर कसला की रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळ. शेवटचा ताण गाडी जमिनीवर आल्यावर दे.

पहिल्या फेरीनंतर

पहिली चक्कर गल्लीतच मार. खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. ब्रेक दाब, एखादा हंप हळू ओलांड, कान पुढे ठेव. ‘टक’ आवाज आला तर परत ये. बहुतेक लिंक रॉडचा नट किंवा वरचं माउंटिंग सैल राहिलेलं असतं. गाडी आधीपेक्षा थोडी कडक वाटेल, ते नव्या तेलाचं लक्षण.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट कर. यात काटकसर करू नकोस. चाक वाकडं राहिलं तर काही महिन्यांत टायरची एक कड खाल्ली जाते, आणि टायरची जोडी स्ट्रटपेक्षा स्वस्त नाही. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा तपास. तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर वहीत लिहून ठेव.

टिकवताना

चामुंडीच्या घाटात वळणं भरपूर. तिथे भरधाव वळलास तर स्ट्रट आणि टायर दोन्ही भरडले जातात. नंजनगूड, गुंडलुपेटकडून बंडीपूरला जाशील तेव्हा जनावरांसाठी केलेले हंप एकामागून एक लागतील. रात्री नऊ ते सकाळी सहा तिथली वाहतूक बंद असते, म्हणून वेळेच्या भीतीने लोक हंपवरून गाडी दामटतात. लवकर निघ. वेग हंपच्या आधी कमी कर आणि चाक चढायला लागलं की ब्रेक सोड. ब्रेक दाबून धरलेला असला की नाक आधीच खाली दबलेलं असतं, स्प्रिंगला हलायला जागा उरत नाही आणि सगळा दणका बंप स्टॉपरवर जातो.

पाऊस संपला की चाकांच्या आतली माती पाण्याने धू, पण प्रेशरचा फवारा बुटावर रोखून मारू नकोस. खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेला, सगळं म्हैसूर गाड्या धुतं. त्या दिवशी हार घालायच्या आधी टॉर्च घेऊन पुढच्या चाकांत डोकाव. बूट शाबूत आहे का, दांडा कोरडा आहे का, स्प्रिंगचा खालचा वेढा अख्खा आहे का, एवढं बघायला फार वेळ लागत नाही.

बोल्ट गंजून घट्ट झाला असेल, आटी गेली असेल किंवा मदतीला दुसरं माणूस नसेल, तर तिथेच थांब. नट परत लाव, चाक चढव आणि हळूहळू गाडी गॅरेजात ने. भाग तू आणलेले असतात, आजार तू ओळखलेला असतो, त्यामुळे बिलात फक्त मजुरी लागते आणि तीही तुला समजते. तेवढं जमलं तरी कोणी तुला नको ते भाग गळ्यात मारू शकणार नाही.